रेंडर क्रॅश (व्हिडिओ संपादन)

व्हिडिओ संपादनाच्या संदर्भात रेंडर क्रॅश म्हणजे संपादित चित्रफितीची अंतिम फाइल तयार होत असताना सॉफ्टवेअर अनपेक्षितपणे बंद पडणे, गोठणे किंवा त्रुटीसंदेश देऊन काम अर्धवट सोडणे होय. अ‍ॅडोबी प्रीमियर प्रो, डाविंची रिझॉल्व्ह, केडेनलाइव्ह, शॉटकट, ब्लेंडर अशा व्यावसायिक आणि मुक्त अशा दोन्ही प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये ही अडचण आढळते. रेंडरिंगच्या वेळी संगणकाचा प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क हे चारही भाग एकाच वेळी व दीर्घकाळ भाराखाली काम करतात. यांपैकी कोणत्याही एका भागात दोष असला, तरी बाहेरून दिसणारे लक्षण बहुधा सारखेच असते. त्यामुळे लक्षण पाहून लगेच उपाय करण्यापेक्षा दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी निश्चित करणे आवश्यक ठरते.

रेंडरिंगचे टप्पे

संपादनाच्या वेळी टाइमलाइनवर मांडलेल्या क्लिप म्हणजे मूळ फाइलींकडे केलेले निर्देश असतात. अंतिम चित्रफीत रेंडरिंगमध्ये तयार होते. या प्रक्रियेचे चार टप्पे आहेत.

पहिल्या टप्प्यात मूळ फाइलमधील संक्षेपित माहिती उलगडून प्रत्येक फ्रेम मेमरीत आणली जाते. याला डिकोडिंग म्हणतात. दुसऱ्या टप्प्यात त्या फ्रेमवर रंगसंस्करण, शीर्षके, संक्रमणे आणि इतर परिणाम लागू केले जातात. हे काम आज मोठ्या प्रमाणावर ग्राफिक्स कार्ड करते. तिसऱ्या टप्प्यात तयार फ्रेम एच.२६४, एचईव्हीसी, प्रोरेस यांसारख्या कोडेकच्या साहाय्याने पुन्हा संक्षेपित होते. याला एन्कोडिंग म्हणतात. चौथ्या टप्प्यात चित्र आणि ध्वनी एकत्र करून एमपी४, एमओव्ही किंवा एमकेव्ही स्वरूपातील फाइल डिस्कवर लिहिली जाते.

संपादन करताना टाइमलाइन सुरळीत चालते आणि रेंडरिंगमध्येच सॉफ्टवेअर बंद पडते, याचे आश्चर्य नवशिक्या संपादकास वाटते. पूर्वदर्शनात अनेकदा कमी रिझोल्यूशनची प्रतिमा वापरली जाते आणि संगणक मागे पडल्यास काही फ्रेम वगळल्या जातात. रेंडरिंगमध्ये अशी सवलत नसते. प्रति सेकंद २५ फ्रेम या गतीच्या १० मिनिटांच्या चित्रफितीत १५,००० फ्रेम असतात आणि त्यांतील प्रत्येक फ्रेम पूर्ण गुणवत्तेत तयार व्हावी लागते. पूर्वदर्शनात वगळली गेलेली एखादी सदोष फ्रेम रेंडरिंगमध्ये प्रथमच समोर येऊ शकते.

लक्षणांवरून अनुमान

क्रॅश कोठे आणि केव्हा होतो, यावरून त्याच्या कारणाविषयी बरेच अनुमान करता येते. यासाठी तेच रेंडरिंग कोणताही बदल न करता किमान दोनदा करून थांबण्याचे ठिकाण नोंदवून ठेवतात.

दर वेळी टाइमलाइनवरील एकाच ठिकाणी क्रॅश होत असल्यास दोष बहुधा त्या ठिकाणच्या सामग्रीत असतो. एखादी खराब क्लिप, एखादा परिणाम, एखादे प्लगइन किंवा शीर्षकातील फॉन्ट अशी कारणे येथे संभवतात.

दर वेळी वेगळ्या ठिकाणी क्रॅश होत असल्यास संशय हार्डवेअर, तापमान, वीजपुरवठा किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर यांच्याकडे वळतो. सामग्रीतील दोष आपली जागा बदलत नाही, हे या अनुमानामागील तत्त्व आहे.

रेंडरिंग हळूहळू मंदावत जाऊन थांबत असल्यास मेमरी भरत असण्याची, डिस्कवरील जागा संपत असण्याची किंवा संगणक तापत असण्याची शक्यता असते. सुरुवात होताच क्रॅश होत असल्यास निर्यातीचे पर्याय, फाइल साठवण्याचे ठिकाण किंवा एन्कोडर तपासावा लागतो. जवळजवळ पूर्ण झाल्यावर येणारे अपयश बहुधा फाइल लिहिण्याच्या टप्प्याशी संबंधित असते. अर्थात शेवटच्या क्लिपमधील दोषही असेच लक्षण दाखवू शकतो.

प्रमुख कारणे

मेमरीची कमतरता

संक्षेपित फाइल लहान असली, तरी उलगडलेली फ्रेम मोठी असते. १९२० × १०८० आकाराच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात. ३८४० × २१६० आकाराच्या, म्हणजे सामान्यतः ४के म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फ्रेममध्ये त्याच्या चौपट, म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलसाठी ४ बाइट धरल्यास अशी एक फ्रेम सुमारे ३३ मेगाबाइट जागा घेते. अचूकतेसाठी प्रत्येक रंगघटक ३२ बिटमध्ये हाताळल्यास हीच जागा सुमारे १३३ मेगाबाइट होते. अनेक स्तर एकमेकांवर असल्यास, किंवा नॉइज कमी करण्याच्या परिणामाप्रमाणे एका फ्रेमसाठी शेजारच्या अनेक फ्रेम लागत असल्यास, ग्राफिक्स कार्डाची मेमरी लवकर भरते.

मुख्य मेमरी संपल्यास विंडोज आणि मॅकओएस डिस्कचा काही भाग मेमरीप्रमाणे वापरतात, त्यामुळे काम अतिशय मंदावते. लिनक्समध्ये मेमरी पूर्णपणे संपल्यास कर्नल स्वतः एखादी प्रक्रिया बंद करते. अशा वेळी संपादन सॉफ्टवेअर कोणताही संदेश न देता नाहीसे झाल्यासारखे दिसते. याची नोंद मात्र प्रणालीच्या लॉगमध्ये सापडते.

ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हर

विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्ये ग्राफिक्स कार्डावर लक्ष ठेवणारी एक यंत्रणा आहे. कार्डाने ठरावीक काळात प्रतिसाद दिला नाही, तर ते अडकले असे समजून ड्रायव्हर पुन्हा सुरू केला जातो. ही मुदत मूलतः २ सेकंदांची असते. एखादा जड परिणाम त्याहून अधिक काळ कार्डाला गुंतवून ठेवू शकतो. ड्रायव्हर पुन्हा सुरू होताच संपादन सॉफ्टवेअरचा कार्डाशी असलेला दुवा तुटतो आणि रेंडरिंग कोसळते.

ड्रायव्हरची आवृत्ती हेही एक कारण असते. एनव्हिडिया कंपनी ‘गेम रेडी’ आणि ‘स्टुडिओ’ अशा दोन मालिकांत ड्रायव्हर उपलब्ध करते. त्यांपैकी दुसरी मालिका संपादनासारख्या सर्जनशील कामांसाठी आहे. ड्रायव्हर अद्ययावत केल्यानंतर लगेच क्रॅश सुरू झाले असल्यास आधीच्या आवृत्तीकडे परत जाणे हाही ग्राह्य उपाय असतो.

मूळ फाइलींमधील दोष

मोबाइलवर चित्रित केलेल्या अनेक फितींमध्ये फ्रेमची गती स्थिर नसते. प्रकाश आणि प्रोसेसरवरील भार यांनुसार ती कमी-अधिक होते. स्क्रीन रेकॉर्डिंगमध्येही असे घडते. काही संपादन सॉफ्टवेअरना अशा फाइली हाताळताना अडचणी येतात. त्यातून चित्र व ध्वनी यांचा मेळ बिघडतो आणि काही वेळा रेंडरिंगही थांबते. एफएफएमपेग किंवा हँडब्रेक यांसारख्या मुक्त साधनांनी अशी फाइल आधीच स्थिर गतीत रूपांतरित करून घेता येते.

एच.२६४ आणि एचईव्हीसी या कोडेकमध्ये बहुतेक फ्रेम आधीच्या किंवा नंतरच्या फ्रेमच्या आधारे साठवल्या जातात. त्यामुळे मेमरी कार्डावरून नकल करताना फाइलचा लहानसा भाग बिघडला, तरी त्याचा परिणाम अनेक फ्रेमवर होतो. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवली जाते. फाइल मोठी होते, पण डिकोडिंगचा भार कमी होतो आणि बिघाड त्या फ्रेमपुरता मर्यादित राहतो.

परिणाम, प्लगइन आणि फॉन्ट

इतर उत्पादकांची प्लगइन संपादन सॉफ्टवेअरच्या प्रक्रियेतच चालत असल्यास प्लगइनमधील चूक संपूर्ण सॉफ्टवेअर बंद पाडू शकते. मुख्य सॉफ्टवेअर अद्ययावत होऊन प्लगइन जुनेच राहिल्यास हा धोका वाढतो. सदोष फॉन्ट फाइलमुळेही शीर्षक असलेल्या फ्रेमवर क्रॅश होऊ शकतो. केवळ फॉन्ट बदलून तोच भाग रेंडर केल्यास याची खात्री करता येते.

फाइलचे ठिकाण, नाव आणि आकार

पेन ड्राइव्ह आणि जुन्या बाह्य डिस्क अनेकदा फॅट३२ या पद्धतीने विभागलेल्या असतात. या पद्धतीत एका फाइलचा आकार ४ गिगाबाइटपेक्षा कमीच असावा लागतो. प्रति सेकंद ५० मेगाबिट दराने लिहिली जाणारी चित्रफीत सुमारे साडेअकरा मिनिटांत ही मर्यादा गाठते. अशा वेळी डिस्कवर भरपूर जागा शिल्लक असूनही रेंडरिंग थांबते. एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीत ही अडचण येत नाही.

विंडोजमधील अनेक सॉफ्टवेअरमध्ये फोल्डरांसह फाइलच्या संपूर्ण मार्गाची लांबी २६० अक्षरांपर्यंत मर्यादित असते. लिनक्समधील ईएक्सटी४ पद्धतीत फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्ह ३ बाइट घेते आणि मात्रा, अनुस्वार व हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. त्यामुळे देवनागरी नाव ८५ चिन्हांतच संपते. शिवाय काही जुनी प्लगइन युनिकोड नावे ओळखत नाहीत. या कारणांस्तव निदान करताना फाइलला लहान रोमन नाव देऊन पाहणे उपयुक्त ठरते.

एन्कोडरच्या स्वतःच्याही मर्यादा असतात. सर्वसाधारण वापरातील रंगनमुना पद्धतीत चित्राची रुंदी आणि उंची सम संख्येत असावी लागते. अनेक हार्डवेअर एन्कोडर एच.२६४ साठी ४०९६ पिक्सेलपेक्षा अधिक रुंदी स्वीकारत नाहीत. अशा वेळी रेंडरिंग सुरू होताच त्रुटी येते.

तापमान आणि वीजपुरवठा

बहुतेक आधुनिक प्रोसेसर सुमारे ९५ ते १०० अंश सेल्सिअस तापमानाला स्वतःची गती कमी करतात. तापमान तरीही वाढत राहिल्यास संगणक बंद होतो. पंख्यांवरील धूळ, सुकलेली उष्णतावाहक पेस्ट आणि खोलीतील उष्णता यांचा यात वाटा असतो. विदर्भात मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंशांपर्यंत जाते. अशा खोलीतील संगणकाच्या पंख्याला आत ओढण्यासाठी मुळात गरम हवाच मिळते. ग्राफिक्स कार्डाची विजेची मागणी क्षणार्धात वाढत असल्याने अपुऱ्या क्षमतेचा किंवा जुना झालेला वीजपुरवठा संचही रेंडरिंगच्या वेळीच दगा देतो. केवळ सॉफ्टवेअर बंद न पडता संपूर्ण संगणक बंद होत असल्यास किंवा पुन्हा सुरू होत असल्यास तपासाची सुरुवात तापमान आणि वीजपुरवठा यांपासून करतात.

दिशाभूल करणारे त्रुटीसंदेश

त्रुटीसंदेश दोष कोठे उघडकीस आला ते सांगतो. दोष तेथेच असेल, असे नाही. याचे एक ठळक उदाहरण २०२४ मध्ये समोर आले. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर खेळ चालवताना ग्राफिक्स कार्डाची मेमरी अपुरी असल्याचा संदेश येत असे. कार्डाची मेमरी प्रत्यक्षात पुरेशी होती आणि मूळ अस्थिरता प्रोसेसरमध्ये होती. त्या वर्षी इंटेलने प्रोसेसरला प्रमाणापेक्षा अधिक व्होल्टेज मिळत असल्याचे मान्य केले, त्यासाठी मायक्रोकोडच्या सुधारित आवृत्त्या दिल्या आणि संबंधित प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली. आधीच झिजलेला प्रोसेसर या सुधारणेने पूर्ववत होत नव्हता, तो बदलूनच घ्यावा लागत होता.

या काळात केवळ संदेशावर विसंबून ग्राफिक्स कार्ड बदलणाऱ्या वापरकर्त्याचा खर्च वाया जाणे स्वाभाविक होते. म्हणून एखादा महागडा भाग बदलण्यापूर्वी तो प्रक्रियेतून तात्पुरता वगळून पाहणे श्रेयस्कर मानले जाते.

निदानाची पद्धत

निदानाचे मूळ तत्त्व असे, की एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम नोंदवावा. ड्रायव्हर, प्लगइन आणि निर्यातीचे पर्याय एकाच वेळी बदलल्यास अडचण दूर झाली, तरी तिचे कारण कळत नाही आणि ती पुन्हा उद्भवल्यास काम पहिल्यापासून करावे लागते.

१. प्रकल्पाची प्रत: कोणताही प्रयोग करण्यापूर्वी प्रकल्पाची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. पुढील सर्व प्रयोग प्रतीवर करावेत.

२. साध्या शक्यता: डिस्कवरील मोकळी जागा, फाइल साठवण्याचे ठिकाण आणि त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी तपासावी. मेघसाठ्याशी जोडलेल्या फोल्डरऐवजी संगणकाच्या अंतर्गत डिस्कवर रेंडर करून पाहावे.

३. नोंदी: विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर, मॅकओएसमध्ये कन्सोल आणि लिनक्समध्ये जर्नल यांत क्रॅशच्या वेळेची नोंद पाहावी. तीत ग्राफिक्स ड्रायव्हरच्या किंवा प्लगइनच्या फाइलचे नाव असल्यास तपासाची दिशा स्पष्ट होते.

४. टप्पे वेगळे करणे: ग्राफिक्स कार्डाऐवजी केवळ प्रोसेसरवर रेंडर करावे. प्रीमियर प्रोमध्ये यासाठी प्रकल्पाच्या मांडणीत ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ हा पर्याय आहे. रेंडरिंग संथ पण यशस्वी झाल्यास दोष ग्राफिक्स कार्ड, त्याची मेमरी किंवा ड्रायव्हर यांपैकी एकात असण्याची शक्यता वाढते. त्यानंतर हार्डवेअर एन्कोडिंग बंद करून पाहावे. शेवटी परिणाम तसेच ठेवून वेगळ्या कोडेकमध्ये निर्यात करावी.

५. अर्धे-अर्धे करून शोध: क्रॅश ठरावीक ठिकाणी होत असेल, पण ते ठिकाण स्पष्ट नसेल, तर टाइमलाइनचा पहिला अर्धा भाग रेंडर करावा. तो यशस्वी झाल्यास दोष दुसऱ्या भागात असतो. त्या भागाचे पुन्हा दोन भाग करावेत. १५,००० फ्रेमच्या टाइमलाइनमधून एक सदोष फ्रेम शोधण्यास या पद्धतीने अधिकाधिक १४ प्रयत्न लागतात आणि प्रत्येक प्रयत्नात तपासायचा भाग निम्म्याने लहान होत जातो. दोष मेमरी भरण्याचा असल्यास मात्र दोन्ही अर्धे स्वतंत्रपणे यशस्वी होतात. तोही एक अर्थपूर्ण निष्कर्ष असतो.

६. संशयित घटकाची अदलाबदल: सदोष भाग सापडल्यावर तेथील परिणाम बंद करावा, क्लिप दुसऱ्या कोडेकमध्ये रूपांतरित करून तिच्या जागी ठेवावी किंवा फॉन्ट बदलावा.

७. हार्डवेअरची चाचणी: क्रॅश अनिश्चित ठिकाणी होत असल्यास प्रोसेसर किंवा मेमरी वाढीव गतीने चालवण्याचे पर्याय बंद करावेत. त्यानंतर मेमटेस्ट८६ यांसारख्या साधनाने मेमरी तपासावी आणि रेंडरिंग चालू असताना तापमानावर लक्ष ठेवावे. एखाद्या नव्या, साध्या प्रकल्पाचे दीर्घ रेंडरिंगही त्याच संगणकावर कोसळत असल्यास मूळ प्रकल्प निर्दोष असण्याची शक्यता अधिक असते.

काम वेळेत पूर्ण करण्याचे पर्याय

कारण सापडेपर्यंत थांबणे नेहमी शक्य नसते. चित्रफीत ठरलेल्या वेळी द्यायची असल्यास पुढील मार्ग वापरले जातात.

टाइमलाइनचे लहान भाग करून ते प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर स्वरूपात स्वतंत्रपणे रेंडर करावेत आणि नव्या टाइमलाइनवर क्रमाने जोडून अंतिम निर्यात करावी. यात परिणामांचे काम आणि एन्कोडिंगचे काम वेगळे होते, त्यामुळे एका वेळी पडणारा भार घटतो. जड परिणाम असलेल्या क्लिपही अशाच प्रकारे आधी रेंडर करून मूळ क्लिपच्या जागी ठेवता येतात.

दुसरा मार्ग प्रतिमामालिकेचा आहे. यात प्रत्येक फ्रेम पीएनजी, टिफ किंवा ओपनईएक्सआर स्वरूपातील स्वतंत्र प्रतिमा म्हणून साठवतात आणि ध्वनी वेगळा निर्यात करतात. ९,०००व्या फ्रेमनंतर क्रॅश झाला, तर तोपर्यंतच्या प्रतिमा सुरक्षित राहतात आणि काम ९,००१व्या फ्रेमपासून पुढे नेता येते. ब्लेंडरमध्ये त्रिमितीय सजीवनासाठी ही पद्धत रूढ आहे.

एमपी४ फाइलमध्ये मात्र ही सोय नसते. फ्रेम फाइलमध्ये कोठे आहेत हे सांगणारी अनुक्रमणिका सामान्यतः सर्वांत शेवटी लिहिली जाते. ती लिहिण्यापूर्वी सॉफ्टवेअर बंद पडल्यास कित्येक गिगाबाइटची फाइल डिस्कवर असूनही ती उघडत नाही. एमकेव्ही स्वरूपातील अर्धवट फाइल तुलनेने अधिक सहजपणे वाचता येते.

डाविंची रिझॉल्व्हमध्ये एखादी फ्रेम किंवा क्लिप हाताळता न आल्यास रेंडरिंग थांबवावे की नाही, हे ठरवण्याचा पर्याय आहे. तो बंद केल्यास काम पुढे चालू राहते. मात्र अशी फाइल सुपूर्द करण्यापूर्वी संपूर्ण पाहून घ्यावी लागते, कारण सदोष फ्रेम तीत तशीच राहिलेली असू शकते.

प्रतिबंध

काम सुरू असलेल्या प्रकल्पाच्या मध्यावर सॉफ्टवेअर, ड्रायव्हर किंवा प्लगइन अद्ययावत करणे टाळतात. नव्या आवृत्तीत जतन केलेला प्रकल्प बहुतेक वेळा जुन्या आवृत्तीत उघडत नाही, त्यामुळे परतीचा मार्ग बंद होतो. अद्ययावत करणे अपरिहार्य असल्यास आधी प्रकल्पाची प्रत ठेवली जाते. रिझॉल्व्हमध्ये प्रकल्प एका डेटाबेसमध्ये साठवले जात असल्याने केवळ चित्रफितींच्या फोल्डरची नकल केल्याने प्रकल्पाची प्रत होत नाही. तो स्वतंत्रपणे निर्यात करावा लागतो.

मूळ फाइली आयात करण्यापूर्वीच संपादनास सोयीच्या कोडेकमध्ये रूपांतरित करणे, स्वयंचलित जतन चालू ठेवणे, तात्पुरत्या फाइलींसाठी वेगळी व वेगवान डिस्क वापरणे आणि वीज जाण्याचा संभव असलेल्या ठिकाणी यूपीएस जोडणे, या उपायांनी क्रॅशची शक्यता किंवा त्यामुळे होणारे नुकसान कमी होते. परिणाम व शीर्षके लावून झालेला एखादा मिनिटाचा भाग काम चालू असतानाच अंतिम स्वरूपात रेंडर करून पाहिल्यास दोष अखेरच्या दिवसाऐवजी दुरुस्तीला अवधी असतानाच लक्षात येतो.